कॉर्ड: एक आतड्याची, एक काळजाची

उन्हं स्वच्छ पडली की पाचगणीच्या कड्यांवरून कृष्णेच्या खोऱ्यात रंगीत पॅराग्लायडर तरंगू लागतात. याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात १९५०च्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा राहायचा. फारोख बलसारा. तो इथे पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी चार मित्रांसोबत त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं.

पियानोवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की वाजते ती कॉर्ड. पॅराग्लायडरच्या पंखाची पुढून मागे मोजलेली रुंदी, तीही कॉर्ड. नाव एक, पण कुळं दोन.

पंखाची कॉर्ड ग्रीकांच्या ‘खोर्डे’तून आली. त्याचा अर्थ आतडं आणि आतड्यापासून वळलेली तार, म्हणजे आपली तात. शाळेत आपण तिला भूमितीत भेटलो आहोत, ती वर्तुळाची जीवा. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. पंख मधोमध कापून बाजूने पाहिला तर वरचा फुगीर भाग धनुष्यासारखा दिसतो; त्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणलेली सरळ रेषा म्हणजे कॉर्ड.

संगीतातली कॉर्ड मात्र तारेची नाही. ती ‘अकॉर्ड’, म्हणजे मेळ, या शब्दाचं डोकं उडून उरलेली. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘कोर’, म्हणजे काळीज. पुढे तारेच्या शब्दाच्या नादाने तिच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ घुसला आणि दोघी सख्ख्या बहिणी वाटू लागल्या. मराठी माणसाला यात वावगं वाटू नये. आपल्याकडे माया काळजातही असते आणि आतड्यातही.

उड्डाणात या रेषेचं काम काय? समोरून येणारी हवा कॉर्डशी किती कोन करते, यावर पंखाला मिळणारी उचल ठरते. कोन वाढला की ठरावीक मर्यादेपर्यंत उचल वाढते. त्यापुढे पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. पायलट उतरताना नेमका हाच खेळ करतो. पाय जमिनीला टेकायच्या बेतात आले की तो दोन्ही ब्रेक खाली ओढतो. पंखाची मागची कड वाकते, उचल क्षणभर वाढते, वेग मरतो आणि माणूस जिन्याची शेवटची पायरी उतरावी तसा उतरतो. तेवढेच ब्रेक उंचावर ओढून धरले, तर तोच पंख स्टॉल होऊन जिवावर बेतू शकतं.

कॉर्डच्या मानाने पंख जितका लांब, तितका तो तेवढ्याच उंचीवरून जास्त दूर तरंगतो. पण तितकाच हट्टीही होतो. म्हणून नवशिक्याच्या हाती आखूड आणि रुंद पंख देतात.

आता काळजाच्या कॉर्डकडे. तिची साधी ओळख म्हणजे सा, ग, प एकत्र. त्यांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण ४:५:६. सा २४० धरला तर ग ३००, प ३६०. पियानोच्या समान अंतरांच्या जुळणीत हा ग सुमारे ३०२ वर जातो, किंचित चढा.

तंतोतंत ३०० ऐकायचा तर मिरजेला जावं. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून कारागीर तारेखाली सुताचा दोरा बारकाईने सरकवतो, तेव्हा बोथट आवाज एकदम उमलतो. खर्जाची तार सेकंदाला ६० वेळा कंप पावत असेल, तर तिच्यात १२०, १८०, २४०, ३००, ३६० हे पटीतले स्वरही असतात. चौथी, पाचवी, सहावी पट म्हणजे सा, ग, प. फ्रेडी ज्यासाठी तीन बोटं वापरायचा, ते इथे एका तारेत दडलेलं असतं. त्या पाचव्या पटीला गवई ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

पॅराग्लायडरच्या कापडावर कॉर्डची रेषा कुणी शिवलेली नसते. तंबोऱ्यालाही गंधाराची तार नसते. तरी पायलट पहिलीच्या भरवशावर कड्यावरून पाऊल उचलतो आणि गवई दुसऱ्याच्या भरवशावर सूर लावतो.