उल्हास खोऱ्यातील गोऱ्ह्यांचे खच्चीकरण : वय, पद्धती व पैदास

कात्रप हे बदलापूरच्या पूर्वेकडील मूळचे गाव आज नागरी वस्तीत विलीन होत आले आहे. तथापि उल्हास खोऱ्याच्या डोंगराकडील भातखाचरांतून चिखलणीचा बैल अद्याप सर्वस्वी लोपलेला नाही. गोऱ्ह्याचे खच्चीकरण केव्हा व कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर जनावर कशासाठी पाळावयाचे यावर अवलंबून असते.

पाश्चात्त्य देशांत मांसासाठी पोसलेल्या वासरांचे खच्चीकरण शक्य तितक्या लवकर, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत करतात. कारण वय जितके कमी तितकी वेदना व रक्तस्राव कमी. महाराष्ट्रात हा हेतू संभवत नाही. २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही येथे बंदी झाली. येथे खच्चीकरण होते ते ओढकामासाठी. वृषणातील अंतःस्रावामुळे मान व वशिंड भरते. तो स्राव लवकर थांबल्यास लांब हाडांची वाढ उशिरा थांबते, जनावर उंच होते, परंतु खांदा हलका राहतो. म्हणून शेतकरी गोऱ्हा दीड-दोन वर्षांचा, पण अदात असेपर्यंत थांबतो. या विलंबाचे मोल मात्र जनावरास अधिक वेदनेच्या रूपाने द्यावे लागते.

पूर्वी वृषण दगडाने वा लाकडाने बडवीत. ही रीत क्रूर असून तिने सूज व पू होण्याचा धोका मोठा. तिची जागा बर्डिझोच्या चिमट्याने घेतली. या चिमट्याने कातडी न कापता वृषणरज्जू चिरडला जातो, रक्तपुरवठा खंडित होतो व वृषण हळूहळू सुकतो. दोन्ही रज्जू स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या पातळीवर दाबावेत; दोन्ही खुणा एका रेषेत आल्यास वृषणकोशाची कातडी सडण्याची भीती असते. रज्जू निसटल्यास खच्चीकरण अपुरे राहते; म्हणून काही आठवड्यांनी वृषण चाचपून पाहणे अवश्य आहे. रबरी कडे केवळ अगदी लहान वासरांसच योग्य. त्यात धनुर्वाताचा धोका असतो. शस्त्रक्रिया निश्चित फलदायी असली तरी जखम उघडी राहते. कोकणातील पावसाळ्यात माश्यांमुळे तीत अळ्या पडतात. सबब कोरडा, थंड हंगाम श्रेयस्कर. कोणत्याही पद्धतीत पशुवैद्याकडून स्थानिक बधिरीकरण व वेदनाशामक द्यावे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने खच्चीकरणास दिलेली सूट विहित रीतीपुरतीच आहे.

शुक्रवाहिनीत उरलेल्या शुक्रजंतूंमुळे जनावर त्यानंतरही काही काळ फलनक्षम असू शकते. म्हणून सुमारे सहा आठवडे ते गायींपासून दूर ठेवावे.

या प्रश्नास पैदाशीचे अंगही आहे. १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्याने वळूस परवाना व नापसंत नराचे खच्चीकरण हे तत्त्व मांडले. व्यवहारात अनेकदा उलट घडते. उत्तम गोऱ्हा बैल म्हणून चांगली किंमत आणतो, म्हणून तोच खच्ची होतो. निकृष्ट खोंड मोकाट कळपात राहून पैदास करतो. अतिपावसात टिकणारी डांगी व लहान चणीची कोकण कपिला या जातींची संख्या मर्यादित असल्याने ही उलटी निवड विशेष घातक ठरते. सबब चिमटा हाती घेण्यापूर्वी कळपातील कोणता नर राखावयाचा, हे ठरविणे हीच खच्चीकरणाची पहिली पायरी होय.