नवी मोटारसायकल : पहिले हजार किलोमीटर

दसऱ्याच्या सायंकाळी पुण्यात, नागपुरात किंवा इंदूर-बडोद्याच्या मराठी वस्तीत फेरफटका मारला, तर एखाद्या तरी दारापुढे नवी मोटारसायकल उभी असलेली दिसतेच. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. घरातील सुवासिनी तिला ओवाळते. शेजारी पेढा घेतात आणि मोबदल्यात उपदेश देतात. एक म्हणतो, ‘पहिले हजार किलोमीटर काटा चाळिसाच्या वर जाऊ देऊ नका.’ दुसरा म्हणतो, ‘पहिल्याच दिवशी मूठ पुरती पिळा, म्हणजे इंजिन मोकळे होते.’ दोघेही सारख्याच आत्मविश्वासाने बोलत असतात. ज्याने काही वर्षांची बचत त्या यंत्रात घातलेली असते आणि उरलेले हप्ते अद्याप फेडायचे असतात, तो बिचारा मात्र गोंधळून जातो.

वास्तविक दोन्ही उपदेश अर्धवट आहेत. ते का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये डोकावले पाहिजे. हा सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत असतो अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नसते. कारखान्यात त्याच्या भिंतीवर मुद्दाम बारीक चरे पाडतात. एकमेकांना छेदून जाणाऱ्या या तिरप्या रेघांची जाळी नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकते. स्वयंपाकघरातील पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पाट्याच्या टाक्या मसाला वाटण्यासाठी असतात आणि सिलिंडरचे चरे तेल धरून ठेवण्यासाठी.

या भिंतीवरून दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, दर मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. त्याच्याभोवती पोलादाच्या किंवा बिडाच्या पातळ कड्या असतात. त्यांनाच रिंगा म्हणतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब वरच्या वर अडवतात आणि तिसरी भिंतीवरचे जादा तेल पुसून खाली लोटते. नव्या इंजिनात रिंग आणि भिंत यांचा संपर्क सर्वत्र सारखा नसतो. चऱ्यांच्या कडेची सूक्ष्म उंचटे घासली जाऊन तेथे सपाट पठारे तयार झाली, आणि खोलगट भागात तेल साठून राहिले, म्हणजे ‘रिंगा बसल्या’ असे कारागीर म्हणतात.

आता यातील मर्म असे की रिंग भिंतीला टेकते ती केवळ स्वतःच्या लवचिकपणामुळे नव्हे. स्फोटानंतरचा वायू रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूस दाबतो. गाडी कायम मुंगीच्या पावलाने चालवली, तर हा दाब पुरेसा निर्माणच होत नाही. रिंगा नीट घासल्या जात नाहीत, आणि भिंतीवर जळक्या तेलाची गुळगुळीत झिलई चढून चरे भरून जातात. मग दोनच वर्षांत धुराड्यातून निळसर धूर निघू लागतो, तेल कमी होत जाते, आणि मालक म्हणतो की गाडीच खराब निघाली. उलटपक्षी, पहिल्याच दिवशी मूठ पुरती पिळली, तर त्या उंचट्यांवर इतकी उष्णता उत्पन्न होते की तेलाचा थर फाटतो आणि धातू धातूला ओरखडतो. अतिलाड आणि अतिमार, दोन्हींनी मूल बिघडते असे आपल्याकडे म्हणतात. इंजिनाच्या बाबतीत तर त्याला भौतिकशास्त्राचाच आधार आहे.

चाळिसाचा नियम मात्र कोणी उगाच काढलेला नव्हे. 1955 साली मद्रास येथे एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली आणि इंग्लंडमधील रेडिच येथून आलेल्या भागांची जुळणी करून बुलेट मोटारसायकली तयार होऊ लागल्या. त्या इंजिनात सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नवा, घट्ट बसणारा पिस्टन फार तापला की तो सिलिंडरमध्ये अडकून बसे, आणि भर रस्त्यात मागचे चाक जखडून जाई. त्या काळची तेलेही आजच्याइतकी समर्थ नव्हती. तेव्हा जपून चालवण्याचा तो धाक रास्तच होता. आज घडाई अधिक काटेकोर झाली आहे, त्यामुळे हा काळ सुसह्य झाला आहे, पण संपलेला नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत तो सामान्यतः 500 पासून 2000 किलोमीटरपर्यंत सांगितलेला आढळतो. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण मानावा. हे पुस्तक बहुधा विम्याच्या कागदांबरोबर कपाटात जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही, ही गोष्ट वेगळी.

चालवायचे कसे, हे आता सहज उमगेल. वेगाच्या काट्यापेक्षा इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. कात्रजच्या चढावर पाठीमागे माणूस बसवून, वरच्या गिअरमध्ये गाडी पंचविसाच्या वेगाने रेटली, तर काटा निरुपद्रवी दिसतो, परंतु इंजिन आतून गुदमरत असते. फेरे थोडे आणि भार जास्त अशी ती स्थिती असते, व तीत तेलाचा थर पातळ होतो. अशा वेळी गिअर खाली आणून इंजिनाला मोकळेपणी फिरू द्यावे. सुरुवातीच्या पाचशे किलोमीटरांत निम्म्यापेक्षा अधिक मूठ सहसा पिळू नये. पण त्या निम्म्यात मात्र सतत चढउतार ठेवावा. थोडा जोर द्यावा, पुन्हा सोडावा. महामार्गावर तासभर एकाच वेगाने जाण्यापेक्षा गावातले वळणावळणाचे रस्ते नव्या इंजिनाला अधिक मानवतात. सकाळी सुरू करताच लगेच जोर देऊ नये, आणि दारापुढे दहा मिनिटे नुसती धडधडत ठेवूही नये. अर्ध्याएक मिनिटाने हलक्या हाताने निघावे, हे उत्तम.

टाकी लावलेल्या पाट्यावरचे पहिले वाटण गृहिणी फेकून देते, कारण त्यात कच असते. इंजिनातील पहिल्या तेलाचेही तसेच आहे. घासल्या गेलेल्या धातूचा कण न् कण त्यात उतरलेला असतो. बहुतेक गाड्यांची पहिली दुरुस्ती-तपासणी 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान असते. ती चुकवणे म्हणजे ते कचेचे वाटण पानात वाढणेच होय. तेल बदलताना आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या बुलेटमध्ये गिअरची पेटी इंजिनापासून वेगळी होती. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात न्हातात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, व त्यांनी क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहूनच तेल घ्यावे.

इंजिनाविषयी इतकी चर्चा होते, पण ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो त्या टायरांविषयी आणि ब्रेकविषयी पेढेवाले शेजारी क्वचितच बोलतात. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघाल्यासारखाच गुळगुळीत असतो. शेदीडशे किलोमीटर घासल्यावाचून त्याची पकड पुरी येत नाही. ब्रेकचे पॅडही तबकडीशी समरस व्हावे लागतात. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू दाबत वेग कमी करणे, असे वीसपंचवीस वेळा करावे. एबीएस चाक जखडू देत नाही हे खरे, पण नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. नवी गाडी, नवे टायर, पाठीमागे धाकटा भाऊ आणि ओल्या रस्त्यावरचे वळण, हा योग पहिल्या आठवड्यात तरी टाळलेला बरा.

पहिल्या काही शेकडा किलोमीटरांत चेन ढिली पडते, क्लचची केबल ताणते, नट सैल होतात, तारांचे चाक असल्यास आरेही ढिलावतात. ही सारी त्या पहिल्या तपासणीत सावरण्याजोगी कामे आहेत. टायरमधील हवा मात्र दर आठवड्याला, गाडी थंड असताना, पाहिली पाहिजे. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी ठेवणाऱ्याने पावसानंतर ती गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून चेनला तेल द्यावे. एरवी महिन्याभरात तिच्यावर तांबूस गंज दिसू लागतो.

पहिल्या तपासणीच्या दिवशी कारागीर तेलाची बूच काढील, तेव्हा मालकाने शेजारी उभे राहावे. परातीत उतरणाऱ्या त्या काळसर तेलावर उन्हाची तिरीप पडली की अनेकदा अभ्रकासारखी बारीक चमक दिसते. ती त्या सिलिंडरमधल्या पाट्याची कच.