वेगाचा फोटो : हौस आणि जोडधंदा



शिलाईकाम, पापड-मसाले, शेळीपालन, कोंबड्या यांवर आपण पुष्कळ बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलू या वेगाच्या खेळांचे फोटो काढण्याबद्दल. मातीच्या ट्रॅकवर उड्या घेणारी मोटारसायकल, विमानातून पॅराशूट घेऊन मारलेली उडी आणि आपल्याकडच्या जत्रेत सुटलेला बैलगाडा, या सगळ्यांचे फोटो कोणीतरी काढतंच. काही जण ते हौसेने काढतात, काही जण त्यावर चार पैसेही मिळवतात. ते काढणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. बाईने का काढू नयेत? कसे काढायचे, धोका कुठे आहे आणि पैशाचा हिशेब बसतो का, हे आज आम्ही सांगणार आहोत.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पद्मश्री मिळालेल्या या बाईंनी उत्तर ध्रुवावर आणि दक्षिण ध्रुवावर पॅराशूटने उडी मारली आहे. 2018 च्या फेब्रुवारीत त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून सुमारे 13,000 फुटांवरून उडी मारली. तो फोटो घरोघरी मोबाइलवर फिरला. शीतलताईंचं धाडस सगळ्यांनी पाहिलं. पण आकाशातला असा फोटो निघतो तरी कसा?

आकाशातला फोटो

तो जमिनीवरून निघत नाही. फोटो काढणारा माणूसही सोबत उडी मारतो. कॅमेरा त्याच्या हेल्मेटवर घट्ट बसवलेला असतो. हात मोकळे लागतात, म्हणून अनेक जण कॅमेऱ्याचं बटण तोंडात धरतात. दातांनी चावलं किंवा जिभेने दाबलं की फोटो निघतो.

पोटावर आडवा होऊन पडणारा माणूस ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. मग फोटो पुसट का येत नाही? दोन एसटी गाड्या शेजारी-शेजारी एकाच वेगाने धावत असल्या, की पलीकडच्या खिडकीतली बाई आपल्याला जागच्या जागी बसल्यासारखी दिसते. इथेही तसंच. दोघं एकाच वेगाने खाली येतात, म्हणून एकमेकांना स्थिर दिसतात. मात्र हे काम शिकाऊ माणसाचं नाही. अमेरिकेतली पॅराशूट संघटना सांगते, की किमान 200 उड्या झाल्याशिवाय कॅमेरा घेऊन उडी मारू नये. कारण फोटोच्या नादात उंचीचं भान सुटलं, तर जिवावर बेततं.

आपल्याला आकाशात जायची गरज नाही. आपल्या मावळात कामशेतजवळ पॅराग्लायडिंग चालतं. त्याचे फोटो जमिनीवर उभं राहूनही छान येतात. आणि शर्यतीचे फोटो तर सगळे जमिनीवरूनच काढायचे असतात.

धावत्या वस्तूला थांबवायचं कसं?

1878 साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने 12 कॅमेरे ओळीने लावले आणि दोऱ्या बांधल्या. धावता घोडा दोरीला लागला, की एकेक कॅमेरा चालायचा. घोडा धावताना चारही पाय एकदम जमिनीवरून उचलतो का, हा त्या काळचा वाद होता. डोळ्यांना ते कळत नव्हतं. फोटोने दाखवलं, की हो, उचलतो. डोळ्याला न दिसणारा क्षण कॅमेरा पकडतो, तो असा.

कॅमेऱ्यात एक पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. तो जितका वेळ उघडा, तितका वेळ प्रकाश आत येतो. आता हिशेब करा. मोटारसायकल ताशी 72 किलोमीटरने धावते आहे, म्हणजे एका सेकंदात 20 मीटर. पडदा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात गाडी 40 सेंटीमीटर पुढे गेली. म्हणजे फोटोत हातभर पुसट रेघ. पडदा सेकंदाचा हजारावा भाग उघडला, तर गाडी फक्त 2 सेंटीमीटर सरकली. फोटो स्वच्छ. म्हणून वेगाच्या खेळाला शटर जलद ठेवायचं. मात्र पडदा कमी वेळ उघडला, की प्रकाशही कमी येतो. त्यामुळे हे काम भर उजेडात सोपं आणि संध्याकाळी अवघड.

दुसरी एक युक्ती आहे, तिला पॅनिंग म्हणतात. यात पडदा थोडा जास्त वेळ, सेकंदाचा साठावा किंवा सव्वाशेवा भाग, उघडा ठेवायचा आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. गाडी स्वच्छ येते आणि मागची झाडं, माणसं रेघांसारखी पुसट होतात. पाहणाऱ्याला वेग जाणवतो. फिरायचं कमरेतून, नुसत्या हाताने नाही. जात्यावर दळताना अंग जसं जात्याबरोबर फिरतं, तसं. पाय रोवलेले, कोपरं अंगाला टेकलेली. फोटो काढला तरी लगेच थांबायचं नाही, गाडीबरोबर पुढे फिरत राहायचं. दहातले आठ फोटो वाया जातात. जाऊ द्या. दोन चांगले आले, तरी दिवस कारणी लागला.

मोबाइलवर सुरुवात

पहिल्या दिवशी कॅमेरा लागत नाही. घरातला मोबाइल चालतो. आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. स्वयंपाकघरातला तेलकट हात लागलेला असतो. ऊन आपल्या पाठीमागे ठेवा. बोटांनी चित्र ओढून मोठं करू नका, त्याने फोटो फुटतो. गाडी जिथून जाणार, त्या जागेवर पडद्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस तिथेच पक्का बसतो. मग गाडी तिथे यायच्या जरा आधीपासून एकापाठोपाठ एक फोटो काढा. बहुतेक मोबाइलमध्ये बटण धरून ठेवलं किंवा सरकवलं, की भराभर फोटो निघतात.

सराव कुठे करायचा? रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली टिपा. अंगणात धावणारी पोरं, उडणारी कबुतरं टिपा. आठ दिवस रोज अर्धा तास केलं, की हात बसतो.

कुठे उभं राहायचं?

फोटोपेक्षा जीव मोठा. ही गोष्ट बाईने तर विसरूच नये, कारण तिच्या पाठीमागे घर असतं.

मोटारसायकल वळणावर घसरली, तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकली जाते. म्हणून बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. मातीच्या ट्रॅकवर गाडी उंचवट्यावरून उडी घेते. ती जिथे खाली येते, त्या जागेच्या जवळ जाऊ नका. ट्रॅककडे पाठ करून मोबाइलमध्ये आधीचे फोटो बघत बसू नका. झेंड्यांचा अर्थ पाठ करा : पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, लाल म्हणजे शर्यत थांबवली, काळ्या-पांढऱ्या चौकडीचा म्हणजे शर्यत संपली. ट्रॅकवरचे स्वयंसेवक सांगतील तिथेच थांबा. पदर खोचून घ्या, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घाला, पायात चप्पल नको, बूट असू द्या.

आपल्याकडे पुणे, नाशिक अशा शहरांत मोटारसायकलच्या मातीवरच्या शर्यती होतात. पण गावच्या बाईला जवळची वाटते ती बैलगाडा शर्यत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली होती. 2021 च्या डिसेंबरमध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. प्रशासनाची परवानगी असलेल्या शर्यतीतच जा. बैलांच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नका, जनावर बुजतं. गाडे जिथे थांबतात त्या टोकाला उभं राहू नका. तिथे बैल आवरेपर्यंत कोणाचाच ताबा नसतो. बैलाला कोणी इजा करत असेल, तर तसला फोटो शोभेचा म्हणून विकू नका.

पैसे कोण देतं?

शर्यतीत धावणाऱ्याला स्वतःचा फोटो कधीच काढता येत नाही. म्हणून तोच पहिलं गिऱ्हाईक. त्याचे घरचे, त्याचा क्लब, त्याची गाडी तयार करणारं गॅरेज, ही पुढची. बैलगाडा मालक तर आपल्या जोडीचा फोटो चौकट करून भिंतीवर लावतो, गावात फ्लेक्सवर छापतो. फोटो त्याच संध्याकाळी दिला तर विकला जातो. आठ दिवसांनी कोणी विचारत नाही. लहान आकाराचा, आपलं नाव टाकलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. पैसे जमा झाले, की मोठा पाठवा.

आता गटांच्या बैठकांत येणारा प्रश्न. एखादीच्या मुलीला किंवा सुनेला कॅमेरा घ्यायचा आहे, गटाने अंतर्गत कर्ज द्यावं का? कागदावर मांडू या. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, जुना कॅमेरा आणि लांबचं दिसणारी लेन्स यांसाठी 30,000 रुपये कर्ज घेतलं. व्याज महिना 2 टक्के, शिल्लक रकमेवर. मुद्दल दरमहा 2,500 फेडलं, तर वर्षात 3,900 रुपये व्याज होतं. एकूण फेड 33,900.

समजा, एका शर्यतीत 50 रुपयांप्रमाणे 25 फोटो विकले, म्हणजे 1,250 रुपये. पाच चौकटी दिल्या आणि एकीमागे 150 रुपये सुटले, म्हणजे 750. एकूण 2,000. त्यातून प्रवास, चहा-नाश्ता, मोबाइलचा खर्च मिळून 450 वजा केले. हातात राहिले 1,550. हंगामात अशा 12 शर्यती मिळाल्या, तर 18,600 रुपये.

बघा, फेड 33,900 आणि मिळकत 18,600. 15,300 रुपये कमी पडतात. शिवाय शर्यती जत्रेच्या दिवसांत असतात आणि हप्ता मात्र बारा महिने येतो. म्हणून नुसत्या शर्यतीच्या भरवशावर कर्ज काढू नका आणि गटानेही देऊ नये. तोच कॅमेरा बारशाला, डोहाळजेवणाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला चालला पाहिजे. गटांच्या पापड-लोणच्याचे विक्रीसाठी लागणारे फोटोही त्यावर निघतील. त्या कामातून महिन्याला 1,275 रुपये आले, तर कर्ज फिटतं.

आमचं सांगणं असं : आधी तीन शर्यती मोबाइलवर करा. वहीत जमा-खर्च लिहा. मग दोन शर्यतींना भाड्याचा कॅमेरा घ्या. एवढ्यातून पैसे सुटले, तर ती वही बैठकीत ठेवा. वही बोलली, की कर्ज नाकारायला कोणाला कारण उरत नाही. गटाचा पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे, तो हौसेवर उधळायचा नाही. पण मुलीची हौस म्हणून तिचा अर्ज न वाचता बाजूलाही टाकायचा नाही.

नाव आणि हक्क

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण आपल्या मनाने काढलेल्या फोटोचा हक्क आपला असतो. पण कोणी पैसे देऊन काम सांगितलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून आधीच दोन ओळी लिहून घ्या : फोटो कुठे वापरणार, आणि आपलं नाव खाली छापणार का.

नावाचं महत्त्व थोडं सांगतो. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत सायकलवरून फिरायच्या. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जायचे. पुढे त्यांचं नाव झालं आणि 2011 साली पद्मविभूषणही मिळालं. आपल्या मुलींना तेवढी वाट पाहायला लावू नका. कॅमेरा भावाचा असो की दिराचा, फोटो जिने काढला, नाव तिचं.

तसाच दुसऱ्याचाही मान ठेवा. शर्यत बघायला आलेल्या बायका-मुलांचे फोटो न विचारता कोणालाही पाठवू नका. कोणी पुसून टाक म्हटलं, तर समोरच पुसा. अशाने गावाचा विश्वास बसतो, आणि या धंद्यात भांडवल तेच.

येत्या बैठकीत एवढं करा : गावात मोबाइलवर चांगले फोटो काढणाऱ्या मुली-सुना किती, त्यांची नावं लिहा. आसपासच्या जत्रांच्या तारखा लिहा. एका जत्रेला दोघींना जोडीने पाठवा, एकटीला नको. एक फोटो काढेल, दुसरी गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर लिहील. परतल्यावर जमा-खर्च सगळ्यांसमोर वाचा.