नुसत्या चुंबकावर मोटार चालेल का?

परवा आमचे एक बागाईतदार स्नेही मोबाइल घेऊन दारात आले. पडद्यावर एक चाक गरगरत होते. चाकाच्या कडेने चुंबक बसवलेले, शेजारी आणखी एक चुंबक. तार नाही, सेल नाही. “गुरुजी, ही मोटार विहिरीवर बसली तर वीजबिलाचा प्रश्नच मिटला. विकणारा निम्मे पैसे आगाऊ मागतोय. देऊ का?” मी म्हटले, “अण्णा, आधी एक मोटार घरी करून पाहू, मग बोलू.”

श्रोतेहो, ती मोटार तुम्हीही करा. शाळेत तर अवश्य करा. मोटार बांधणाऱ्याच्या दुकानात आवरण चढवलेली तांब्याची तार मिळते, ती मीटरभर आणा. दीड व्होल्टचा टॉर्चचा मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टीपिना, रबरबँड आणि छोट्या रेडिओच्या मोडक्या स्पीकरमधला चुंबक, एवढ्यावर भागते. अंगठ्याभोवती तारेचे दहा-बारा वेढे द्या आणि दोन टोके समोरासमोर दोन-दोन इंच सरळ बाहेर ठेवा. सेलच्या दोन्ही अंगांना पिना रबरबँडने घट्ट बसवा आणि त्यांच्या गोल डोळ्यांत ही टोके ओवा. चुंबक सेलच्या पाठीवर, वेटोळ्याच्या बरोबर खाली ठेवा.

आता खरी मेख. एक टोक चाकूने चहूबाजूंनी खरवडा. दुसरे मात्र वेटोळे उभे धरून फक्त वरच्या अर्ध्या अंगाने खरवडायचे, खालचे आवरण तसेच ठेवायचे. मग बोटाने हलकी टिचकी मारा. वेटोळे फिरू लागते. न फिरले तर बहुधा ते एका बाजूला जड असते किंवा खरवडणे नीट झालेले नसते. थांबलेले वेटोळे सेलला जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

पोरे हमखास विचारतात, अर्धेच का खरवडायचे? दोन्ही टोके पूर्ण खरवडून पाहा. वेटोळे थोडे डुलते आणि आडवे होऊन थबकते. वीज वाहू लागली की वेटोळ्याचाही चुंबक होतो, खालच्या चुंबकाशी जुळायला वळतो, आणि एकदा जुळला की तिथेच अडून बसतो. अर्ध्या आवरणामुळे त्याच क्षणी वीज तुटते. ओढ संपते, आलेल्या वेगाने वेटोळे पुढे सरकते, आणि पुन्हा वीज लागते. मोटार फिरते ती नुसत्या ओढीने नव्हे, ओढ वेळेवर सोडल्याने. ओढीसाठी लागणारी शक्ती सेल देतो आणि झिजत जातो.

नुसत्या चुंबकांच्या चाकात हे सोडणे करणार कोण? चुंबक जवळ ओढताना जेवढे देतो तेवढेच दूर जाताना परत मागतो. मध्ये लोखंडी पत्रा सरकवून ओढ अडवू म्हणाल, तर तो पत्रा आत-बाहेर करायलाच तेवढे श्रम पडतात.

ही हौस जुनी आहे. जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १६४८ साली छापलेल्या पुस्तकात अशीच एक युक्ती तपासली होती. उतरणीच्या माथ्यावर चुंबक, तो लोखंडी गोळी वर ओढणार, गोळी भोकातून पडून पुन्हा पायथ्याशी येणार. अडचण उघड आहे: गोळी वर ओढण्याइतका जबर चुंबक तिला भोकात पडू कशाला देईल? फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ साली ठरवूनच टाकले की असली आपोआप चालणारी यंत्रे तपासायचीच नाहीत.

म्हणून चुंबक बिनकामाचा, असे मात्र नव्हे. कमी वीज खाणारे नव्या तऱ्हेचे पंखे कायम चुंबकावरच चालतात. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, हे तीसच्या आसपास. वाचते ती वीज खरी, पण फुकट काही नाही.

अण्णांना मी एवढेच सांगितले. पाच हॉर्सपॉवरचा पंप पूर्ण जोराने चालला म्हणजे तासाला पावणेचार युनिटांचे काम झाले. विकणाऱ्याला म्हणा, मोटार टेबलावरून उचल, माझ्या विहिरीवर आण, दिवसभर पाणी उपसून दाखव, मग पैसे. अण्णांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आले, “आधी बयाणा.” बयाणा त्यांच्या खिशातच राहिला.

त्यांच्या नातवाने मात्र आमची मोटार घरी नेली आणि संध्याकाळी धावत आला. चुंबक उलटा ठेवला तर वेटोळे उलटे फिरते म्हणाला. का, ते त्यालाच शोधायला सांगितले आहे.