कडेला बसलेल्या दादी

अमळनेरला आमच्या घरी भावाच्या निकाहला सगळे नातेवाईक जमले होते. सुरतेहून रेल्वेने मामू आले, धुळ्याहून फुफी आल्या. वलिम्याच्या दिवशी अंगणात सर्वांचा एकत्र फोटो निघाला. दादी खुर्चीवर, एका कडेला. पुढचा रमजान येण्याआधीच दादींचा इंतकाल झाला. आमच्या घरात फोटो भिंतीवर लावत नाहीत, अल्बममध्ये ठेवतात. म्हणून आम्ही 8×10 इंची प्रत मागवली. हाती आली तेव्हा तीत दादींचा फक्त हात दिसत होता.

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नव्हता. आम्हीच काही विचारले नव्हते.

फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातील फोटोचे प्रमाण बहुधा 3:2 असते. 1925 मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. त्याच्या फिल्मवरची चौकट 36×24 मिलिमीटरची होती. तेच माप पुढे रूढ झाले. असा फोटो 8 इंच उंच केला की रुंदी 12 इंच होते. कागद 10 इंचांचा असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक इंच कापला जातो. रांगेत दहा-बारा माणसे असली तर एक इंच म्हणजे एक माणूस!

म्हणून आधी फोटोचे प्रमाण पाहावे, मग फ्रेम किंवा अल्बम घ्यावा. 3:2 चा फोटो 4×6, 8×12 आणि 12×18 या मापांत पूर्ण बसतो. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो. त्याला 6×8 किंवा 9×12 योग्य. तोच 4×6 वर छापला तर उंचीतला अर्धा इंच जातो. वरच्यांची डोकी किंवा पुढे बसलेल्या मुलांचे पाय कापले जातात.

पडद्यावरही हेच. टीव्ही 16:9 असतो. फोटोच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्याव्यात. पडदा भरण्यासाठी झूम केले की वरचे-खालचे जाते. स्टेटससाठी मोबाइल उभा धरावा, पण कुटुंबाच्या फोटोसाठी आडवाच बरा. डीपी गोल दिसतो, म्हणून चेहरा मध्ये हवा.

फोटो काढताना चारही बाजूंना थोडी जागा सोडावी. मूळ फोटो जपून ठेवावा, काटछाट प्रतीवर करावी. छापायला देताना स्पष्ट सांगावे: ‘फोटो कापू नका, पांढरी कड चालेल.’

आमच्या फोटोग्राफरकडे मूळ फोटो होता, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही त्याच 8×10 कागदावर पुन्हा प्रत काढली. वर-खाली पाऊण इंचाहून थोडी कमी पांढरी पट्टी आली, पण दादी पूर्ण दिसतात.

येत्या ईदला फोटो काढाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये बसवा.