घूं कुठून येते?

लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटात जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या घूंची तक्रार घेऊन गेलं, की उत्तर ठरलेलं असतं : "मेन फिल्टर बदल दो जी." पुष्कळदा ते बरोबरही ठरतं. पण नोएडातल्या माझ्या टेबलावर येणारे सेट बहुधा फिल्टर बदलून, पॉलिश करून, स्पीकरला नवं कापड लावूनच आलेले असतात, आणि तरी घुमत असतात. त्यांना मी आधी नुसतं ऐकतो. सोल्डरिंगचा कैया नंतर.

मयूर विहारच्या एका आजोबांचा सेट असाच आला. "अहो, पैसे गेले ते गेले, आता बातम्यांपेक्षा घूंच जास्त ऐकू येते," म्हणाले. आवाजाचं बटण पूर्ण खाली नेलं तर सेट जवळजवळ गप्प. वर नेलं की घूं वाढायची. म्हणजे दोष बटणापाशी किंवा त्याच्या आधी. बटण खाली असूनही ती तेवढीच राहिली असती, तर मी वीजपुरवठा आणि स्पीकर चालवणारा ईएल८४ तपासला असता.

दुसरी खूण सुराची. आपली वीज ५० हर्ट्झची. या सेटचा ईझेड८० रेक्टिफायर लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो, त्यामुळे फिल्टरमधून निसटलेली घूं १०० हर्ट्झची, एक सप्तक वरची असते. इथे तर खर्ज लागला होता. तेव्हा मुख्य फिल्टर बहुधा निर्दोष. संशय फिलामेंटच्या ६.३ व्होल्टच्या तारांवर, अर्थिंगवर किंवा व्हॉल्व्हच्या आतल्या गळतीवर.

लाकडी काडीने तारा हलवून पाहिल्या. एका तारेला काडी लागली की घूं कमी-जास्त व्हायची. बटणापासून पुढच्या व्हॉल्व्हकडे जाणारी ती तार मुळात जाळीच्या वेष्टनातली असणार. दुरुस्तीत कुणीतरी साधी तार टाकून ती फिलामेंटच्या तारांना चिकटवून नेली होती. जाळीची तार घातली, जाळी एकाच टोकाला चासीला जोडली. खर्ज गेला.

मात्र त्याच दुरुस्तीत फिल्टरचा पहिला कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडचा बसवला होता. मोठा कंडेन्सर म्हणजे कमी घूं, हे खरं. पण ईझेड८०ला तिथे ५०च्या वर चालत नाही. कंडेन्सर भरताना विजेचे जे जोरकस झटके बसतात, त्यांनी रेक्टिफायरचा कॅथोड लवकर झिजतो. मी ४७चा, ४५० व्होल्टचा लावला.

हे घरी करून पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. प्लग काढल्यावरही या कंडेन्सरमध्ये दोनशे-तीनशे व्होल्ट टिकून राहू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे आणि मीटरने खात्री करायची. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, यूसीएच८१, यूएल८४ अशा 'यू' मालिकेच्या सेटांत तर चासीच थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. तसला सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नये.

घूंची आणखी एक जात चकवणारी आहे. ८१९ किलोहर्ट्झवर दिल्लीचं केंद्र लागलं की घूं सुरू, काटा बाजूला सरकवला की शांत. अशा वेळी केंद्राचा सिग्नल घरातल्या वीजवाहिन्यांतूनही सेटमध्ये शिरतो आणि रेक्टिफायर त्याला विजेच्या तालावर कापत राहतो. त्यावर मुख्य पुरवठ्यासाठीच बनवलेला छोटा सुरक्षा-कंडेन्सर बहुधा पुरतो. फिल्टर कितीही बदला, ही घूं हटत नाही.

एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा आवाज घुमत नाही, तो झर्र करतो. आजोबांचा घरी पोचल्यावर फोन आला तो त्याच्यासाठीच. काचेच्या कपाटातल्या एलईडीच्या माळेची ती करामत होती. माळ बंद ठेवायला सूनबाई तयार नाहीत, म्हणून एरियलची तार आता बाल्कनीत काढली आहे.