शिकण्याची शैली की शिकण्याची पायरी?

ऑनलाइन शिकवण्यांच्या जाहिरातींत हल्ली एक आश्वासन हटकून आढळते: तुमचे मूल डोळ्यांनी शिकणारे आहे की कानांनी, हे आमचे अ‍ॅप प्रथम हुडकून काढील आणि मग त्याच्या शैलीबरहुकूम धडे पुरवील. आपले मूल इतरांहून निराळे आहे असे प्रत्येक आईबापास वाटतच असते, आणि त्या वाटण्यावर शास्त्राचा शिक्का मिळत असेल तर तो कोणाला नको आहे? न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली मांडलेले, पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून शिकणाऱ्यांचे चार वर्ग यासाठी विशेष लोकप्रिय आहेत. परंतु अशा वर्गीकरणांचे पीक एवढे उदंड, की २००४ साली ब्रिटनमधील अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा ती ७१ भरली.

पुढे २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांचे सहकारी, शैलीबरहुकूम शिकवल्यास मूल अधिक शिकते, या मताचा पुरावा तपासावयास बसले, तेव्हा त्यांनी अट घातली ती अगदी रास्त होती: दोन्ही गटांची परीक्षा एकच घेतली असता, डोळ्यांनी शिकणाऱ्यांना चित्रांनी आणि कानांनी शिकणाऱ्यांना श्रवणानेच अधिक आले पाहिजे. या कसोटीस लागतील असे प्रयोगच मुळी थोडे निघाले, आणि जे निघाले त्यांतील काहींचा निकाल थेट विरुद्ध गेला. मुलांना आवडनिवड असते, हे कोण नाकारील? पण नकाशा पाहिल्यावाचून आणि उच्चार ऐकल्यावाचून कोणाही मुलास कळत नाही.

मुलामुलांतील खरा भेद पूर्वज्ञानाचा आहे. ०.३५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारताच एक मुलगी ०.३५ म्हणते, कारण पस्तीस सहाहून मोठे, तिलाच ०.२ आणि ०.२५ दिले तर ती अचूक उत्तर देते, आणि बरोबरची खूण घेऊन गैरसमजासकट घरी जाते. शेजारच्या मुलाने दशांश शतांशाहून मोठा एवढेच पाठ केलेले असल्यामुळे त्याला आखूड संख्या नेहमीच मोठी वाटते, म्हणून तो पहिले उत्तर बरोबर देतो आणि दुसरे चुकतो. गुण दोघांना सारखेच. दुखणी मात्र दोन, आणि औषधेही दोन. भरगच्च वर्गात हे निदान करण्याची सवड गुरुजींना कोठून मिळणार? संगणक मात्र प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतो आणि, तो चांगला रचलेला असेल तर, पुढचा प्रश्न त्या नोंदीवरून निवडतो.

याचा एक भरवशाचा दाखला दिल्लीचा आहे. २०१५ साली तेथे ६१९ विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय शिकवणीच्या केंद्रांत मोफत प्रवेश मिळाला, रोज पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास लहान गटात मार्गदर्शकाजवळ, असा तेथील क्रम होता. आरंभीच्या चाचणीत सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले होते. संगणकाने प्रत्येकाला तो खरोखर जेथे होता तेथून उचलले, आणि साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातील प्रगती चिठ्ठी न लागलेल्यांच्या सुमारे दुप्पट झाली. गंमत अशी की शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे मात्र फारसे हलले नाहीत. सातवीचा पेपर सातवीचाच असतो, आणि चौथीवरून पाचवीवर चढलेल्या मुलाचे श्रम त्याच्या हिशेबी धरले जात नाहीत. हा दोष मुलाचा नव्हे, संगणकाचाही नव्हे.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी पालकांनी शैलीची प्रश्नावली खुशाल बाजूस ठेवावी, अ‍ॅपवर स्वतः बसून मुद्दाम एकाच तऱ्हेने चारदोन उत्तरे चुकवावीत आणि पुढचे प्रश्न बदलतात की नाही ते पाहावे. बदलत नसतील, तर तेच पैसे चांगल्या पुस्तकांवर खर्च करावेत.